दिवेवालीचं पान

दुसरा भाग संपला तेव्हा मी टीव्हीच्या पुढ्यात उभी होते. कधी उठले ते मला आठवत नाही. भाची सांगते की मी तिच्या हातातला रिमोट ओढून घेतला, भाग मागे नेला, पुढे नेला, पुन्हा मागे नेला आणि मग खोलीतल्या एकेकाकडे संशयाने पाहू लागले. असेलही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि आमच्याकडे सगळ्यांना त्याची सवय आहे.

दिवेवालीचा प्रसंग कुठे गेला, एवढंच मी विचारत होते. दिवेवाली पडद्यावर आली नाही असं नाही. एक कोवळी, गोरीगोमटी नटी हातात मशाल घेऊन आली, तिने राजपुत्रासाठी चोरदरवाजा उघडला, त्याच्याकडे पाहून उगाच लाजली आणि गेली. संपलं. तिचं खरं जे काही होतं, ज्याच्यासाठी मी महिनाभर या मालिकेची वाट पाहत होते, ते गायब. त्याऐवजी संगणकावर काढलेल्या उडत्या मगरी होत्या. मगरींना दहा मिनिटं दिली होती, मी घड्याळ लावून पाहिलं.

ही मालिका एका जुन्या मराठी कादंबरीवर आहे. पाच खंड. खाऱ्या सरोवराच्या मधोमध सात दरवाजांचा किल्ला, त्यात सावली हरवलेला राजा, त्याची कडक राणी, पक्ष्यांचं बोलणं कळणारा धाकटा राजपुत्र. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी ती वाचनालयातून आणून वाचली आणि पुढे ती मिळेनाशी झाली. आता कोण्या मोठ्या कंपनीला तिचा शोध लागला, तिची हिंदी मालिका झाली आणि त्या हिंदीवर मराठी आवाज चढवून ती आमच्याकडे परत आली. आपलंच पुस्तक आपण डबिंगमध्ये ऐकायचं, हा अपमान मी पहिल्या भागातच गिळून टाकला होता.

दर रविवारी सकाळी आम्ही दादाकडे जमतो, सक्करदऱ्याला, तलावापासून दोन गल्ल्या आत. आधी तर्री-पोहे होतात आणि मग भाग लागतो. माणसं मोजकीच. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा. त्याची बायको, माझी वहिनी. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, जी घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करते आणि आम्हा म्हाताऱ्यांना ॲप लावून देते. आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे गणिताचे निवृत्त मास्तर. मास्तरांनी पाचही खंड तीनदा वाचलेत आणि ही गोष्ट ते दर रविवारी एकदा तरी सांगतातच.

त्या दिवशी चर्चा सुरू झाली ती मास्तरांपासून. किल्ल्याला सातऐवजी पाचच दरवाजे दाखवले, हे त्यांना सहन होत नव्हतं. दोन दरवाजे बांधायला यांचं काय जात होतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. दादाला राणीचा आवाज खटकला होता. त्याच्या मते ती राणी कमी आणि विमानतळावर सूचना देणारी बाई जास्त वाटत होती. भाची मालिकेची बाजू घेत होती. पुस्तक वेगळं आणि मालिका वेगळी, सगळं कसं घेणार, लोक पहिल्या तीन भागांत पळून जातात, त्यांना धरून ठेवायला मगरी लागतात वगैरे. मी तिला म्हटलं, मगरी पाहून जे थांबतात ते गेले तरी चालतील. वहिनी रिकाम्या बश्या उचलत होती.

“जाऊ दे ना वं,” ती स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, “सीरियलच तर आहे.”

मी तिच्यावरही भडकले. सगळ्या जगाने म्हटलं तर म्हणो, पण तिने असं म्हणावं? तो प्रसंग मी तिच्याच तोंडून ऐकला होता. त्या पानाचा राग इथे कोणाला यायला हवा असेल तर आधी तिला यायला हवा, असं मी तिला सगळ्यांदेखत सुनावलं. ती नळ सोडून बश्या विसळत राहिली.

तो प्रसंग मी कसा ऐकला, हे सांगायला पाहिजे. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि वहिनी लग्न होऊन आमच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. ती बी.ए. झालेली. आमची सून बी.ए. आहे, हे आई शेजारपाजारच्या बायांना कोणत्याही निमित्ताने सांगायची, भाजीवालीलासुद्धा. आईला स्वतःला वाचायला जड जायचं, पण गोष्टीचा नाद जबर. म्हणून उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणाची कामं निघाली की आईने एक पद्धत पाडली होती. बाकीच्यांनी वड्या घालायच्या, पापड लाटायचे, शेवया करायच्या आणि वहिनीने एका कोपऱ्यात बसून मोठ्याने वाचायचं. शेजारच्या दोघी-तिघी तेवढ्यासाठी आपलं पोळपाट-लाटणं घेऊन आमच्या गच्चीवर यायच्या.

या पद्धतीत एक नियम होता. पुस्तक वाचनालयाचं. वाचनालयाचे गृहस्थ इतके खवचट, की पानावर हळदीचं बोट दिसलं तरी खातं बंद करायचे. आमचे सगळ्यांचे हात पिठाने, तेलाने, डाळीने भरलेले. म्हणून वहिनीशिवाय पुस्तकाला कोणी हात लावायचा नाही. ती वाचणार, आम्ही ऐकणार. पान कोणी पाहायचं नाही.

दुसरा खंड चालू होता आणि आम्ही मुगाच्या वड्या घालत होतो, तेव्हा दिवेवाली आली. किल्ल्याच्या तटावर रोज संध्याकाळी शंभर दिवे लावणारी बाई. वर्षानुवर्षं तटावर उभं राहून ती आकाश वाचायला शिकलेली असते. सरोवराच्या पलीकडच्या काठावर वर्षातून एकदा आकाश वाचणाऱ्यांची परीक्षा होते. जो उतरेल त्याला तिथेच काम मिळतं, राहायला जागा मिळते. तिला एक दिवस हवा असतो, एकच. आणि नेमका त्याच दिवशी राणीचा दीपोत्सव. ती राणीपुढे उभी राहते आणि म्हणते, “महाराणी, एका संध्याकाळी दिवे लागले नाहीत म्हणून किल्ला ढासळत नाही. माझा मात्र हा एक दिवस गेला, तर तो परत आणून द्यायला तुमच्याकडेही माणूस नाही.”

एवढं वाचून वहिनी थांबली. राणी गप्प बसली, असं तिने सांगितलं आणि पुस्तक मिटलं. शेजारची एक काकू हुंदका देऊन रडली. आईचे दोन्ही हात डाळीत होते, तिने कोपराने डोळे पुसले आणि राणीला उद्देशून म्हणाली, “काय बाई आहे वं ही. एक दिवस सोडवत नाही?”

मीही रडले. दुपारी मी वहिनीला गाठून विचारलं, मग राणीने तिला सोडलं का? तिने मलाच विचारलं, तुले काय वाटते? मी म्हटलं, सोडलंच असणार, एवढं ऐकल्यावर कोण नाही सोडणार. दुसऱ्या दिवशी वाचन पुढे सरकलं, पण दिवेवालीचं नाव निघालं नाही. आम्ही विचारलं तर वहिनी म्हणाली, ती पुढे येत नाही. मी माझ्या मनाने तिला नावेत बसवून पलीकडे पोचवून टाकलं.

आता दोन-अडीच वर्षं पुढे या. माझी बारावी झाली होती, विज्ञानाला पुढे शिकायचं होतं, अमरावतीला वसतिगृहात जागा मिळत होती आणि बाबा नको म्हणत होते. पोरीला परगावी ठेवायचं नाही, असं त्यांचं ठरलं होतं. चार दिवस मी रडून पाहिलं, उपाशी राहून पाहिलं. पाचव्या दिवशी त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, “बाबा, एक पोरगी घरात नसली म्हणून घर ढासळत नाही. माझं हे वर्ष गेलं तर ते परत आणून द्यायला तुमच्याकडेही माणूस नाही.” बाबांनी विचारलं, हे कुठं वाचलं? मी म्हटलं, पुस्तकात. वाचनालयाच्या. बाबांना छापलेल्या गोष्टीबद्दल भारी आदर. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी वसतिगृहाचा फॉर्म भरला.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले, चंद्रपूरकडच्या एका गावात, आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. दरवर्षी दहावीच्या मुलींना शेवटच्या दिवशी मी दिवेवालीचा प्रसंग सांगायची. वाक्य फळ्यावर लिहून द्यायची आणि सांगायची, हे पुस्तकात आहे, घरी कोणी अडवलं तर म्हणा पुस्तकात आहे. काही मुलींनी म्हटलंही. दोघी-तिघींची पत्रं माझ्याकडे आहेत. त्या पुस्तकाचा तो दुसरा खंड मला नंतर कधी मिळाला नाही. बाकीचे चार मी कॉलेजात असताना स्वतः वाचले. दुसऱ्याची फारशी गरज वाटली नाही, कारण त्यातलं जे हवं ते मला पाठ होतं.

म्हणून सांगते, माझा राग उगाच नव्हता. एक आख्खं आयुष्य ज्या पानावर उभं केलं, ते पान कोणीतरी मगरींसाठी फेकून दिलं होतं.

भाचीने त्या रविवारीच नवी आवृत्ती मागवली. मालिकेच्या निमित्ताने प्रकाशकाने पाचही खंड पुन्हा छापले आहेत, मुखपृष्ठावर ती लाजरी नटी. बुधवारी दुसरा खंड आला. भाचीने फोन करून सांगितलं, आत्या, यात पण नाही गं. मी रिक्षा करून गेले आणि स्वतः पाहिलं. दिवेवाली तीन ओळींपुरती होती. दार उघडते, बाजूला होते, अंधारात दिसेनाशी होते. मी ताबडतोब ओळखलं की प्रकाशक मालिकावाल्यांना सामील आहे. मालिकेत नाही तर पुस्तकातही नको, म्हणून काढून टाकलं. मी हे कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं आणि दुपारपर्यंत तिथे नुसता गदारोळ झाला. ज्यांनी पुस्तक पाहिलंही नव्हतं, तेही संतापले. मराठी पुस्तकांवर हिंदीवाल्यांचा डोळा आहे इथपासून बायकांची पात्रं मुद्दाम कापतात इथपर्यंत सगळं निघालं. मला फार बरं वाटलं.

मास्तर तेवढे कुरकुरले. त्यांचं म्हणणं, तीनदा वाचलं पण असं काही लक्षात नाही. मी म्हटलं, तुम्ही दरवाजे मोजत वाचलं असेल. ते दुखावले आणि जिन्यावरून वर गेले.

पुढच्या आठवड्यात मी महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयात गेले. तिथे मूळ प्रत असेल अशी आशा होती आणि ती होती. पिवळी, पुठ्ठा उसवलेली, पण पानं शाबूत. पंख्याखाली बसून मी दुसरा खंड आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. दिवेवाली तीन ओळींपुरती होती. मी पानांचे आकडे तपासले, एकही पान गळालेलं नव्हतं. शिलाई तपासली. ग्रंथपाल बाई माझ्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहत होत्या. मी त्यांना विचारलं, याच्या आधीची आवृत्ती आहे का? त्या म्हणाल्या, ही पहिलीच आहे.

एवढ्यावर कोणी शहाणं माणूस थांबलं असतं. मी नाही थांबले. पहिल्याच्याही आधी हे मासिकात क्रमशः आलं असणार, तिथे तो प्रसंग असणार, पुस्तक करताना कोण्या भित्र्या संपादकाने तो कापला असणार आणि वाचनालयाकडे तेव्हा मासिकाची बांधलेली प्रत असणार, असं मी रिक्षातच जुळवलं. घरी जाऊन दोन पानी निवेदन लिहिलं. मालिकावाल्यांना, प्रकाशकांना आणि वर्तमानपत्रांना. एका कष्टकरी बाईचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या कसा दाबला जातो, असा त्याचा सूर होता. माझ्या मते चांगलं उतरलं होतं. कॉलनीतल्या वीसेक लोकांनी सह्याही केल्या.

तिसऱ्या रविवारी ते निवेदन घेऊन मी दादाकडे गेले. त्या दिवशी भाग नंतर पाहायचा ठरला. आधी मी निवेदन मोठ्याने वाचलं. मास्तरही रुसवा सोडून खाली आले होते. दादाने न वाचता सही केली, तो कशावरही न वाचता सही करतो. भाचीने केली. मास्तरांनी दरवाजांचा मुद्दा शेवटी जोडायच्या अटीवर केली. मग मी वहिनीपुढे कागद धरला आणि तिच्या हातात पेन दिला. तिने पेनचं टोपण लावलं आणि तो टेबलावर ठेवून दिला.

“मी सही नाही करत,” ती म्हणाली.

“काहून?”

“खोटं लिहिलं आहे त्याच्यात. ते पुस्तकात नव्हतंच वं बाई. मीच जोडलं होतं.”

मला वाटलं ती माझी समजूत घालतेय, वाद मिटावा म्हणून. मी तसं म्हटलंही. तेव्हा ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि सगळं सांगितलं, भाजी निवडताना बोलावं इतक्या सरळपणे. लग्नाआधी तिने माहेरून सरकारी नोकरभरतीचा फॉर्म भरला होता. परीक्षेचं हॉल तिकीट माहेरच्या पत्त्यावर गेलं आणि तिथून आमच्याकडे आलं. तिने दादाला दाखवलं. दादा म्हणाला, आईला विचार. तिने आईला विचारलं. आई म्हणाली, पाहू. त्याच संध्याकाळी आईने कुरड्यांचे गहू भिजत घातले.

ज्यांनी कुरड्या केल्या आहेत त्यांना याचा अर्थ कळेल. गहू एकदा भिजले की तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि सकाळी उजाडताच शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. तो दिवस पुढे ढकलता येत नाही, चीक आंबून जातो. आणि चीक घाटायला व सोऱ्या दाबायला तरण्या हातांची गरज असते. आमच्या घरात तसे हात तिचेच होते. कुरड्यांचा दिवस आणि परीक्षेचा दिवस एकच येत होता. आईने हे मुद्दाम केलं असं वहिनी म्हणाली नाही. आईच्या ते ध्यानातच राहिलं नव्हतं, असं ती म्हणाली. पुन्हा विचारायची तिची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी वड्या होत्या, हातात पुस्तक होतं आणि पान कोणी पाहणार नव्हतं. तिने दिवेवालीच्या तीन ओळी वाचल्या आणि तशीच पुढे बोलत राहिली.

“आईंच्या डोयात पाणी आलं,” ती म्हणाली, “तुम्ही साऱ्याच रडल्या. मले वाटलं, आता म्हणतीन, जा बाप्पा तू बी. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली मी. मंग आई उठल्या अन् गव्हाचं पाणी बदललं.”

मला तो कुरड्यांचा दिवस आठवतो. चांगला आठवतो, म्हणूनच सांगायला लाज वाटते. सकाळी मोठ्या पातेल्यात चीक रटरटत होता आणि वहिनी पदर खोचून तो घाटत होती. घाम तिच्या हनुवटीवरून खाली पडत होता. तिने मला वाटीत गरम चीक काढून दिला होता, वर दूध आणि साखर. मी दोनदा मागून घेतला. तिसऱ्यांदा वाटी पुढे करताना मी तिच्याकडे तक्रार केली होती की आज वाचन नाही, फार कंटाळा येतोय.

दादा इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, मले तर आठवतच नाही हे. आणि मग, काहीतरी बोललं पाहिजे म्हणून म्हणाला, “एवढं होतं तं पुढच्या वर्षी द्यायची होती.”

“पुढच्या वर्षी बी गहू भिजलेच होते,” वहिनी म्हणाली.

मास्तर उठले आणि वर निघून गेले. भाची आपल्या आईकडे पाहत होती. तिलाही हे कधी सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी काय करावं? दोन आठवडे मी सापडेल त्याला बोलले होते. मालिकावाल्यांना, प्रकाशकाला, एका कल्पनेतल्या संपादकाला. आता तो सगळा राग हातात तसाच होता आणि द्यायला कोणी नव्हतं. आई केव्हाची गेली. दादाला बोलावं तर तो रिमोटची बटणं चाचपत बसला होता. बाबांचा विचार आला आणि मी आणखीनच चिडले. मी म्हटलेलं वाक्य त्यांनी ऐकलं, कारण ते छापलेलं आहे असं मी त्यांना सांगितलं. ते वाक्य जिने तयार केलं, ती त्या वेळी आत पोळ्या लाटत होती. तिने सगळं ऐकलं असणार. मी अमरावतीला निघाले तेव्हा प्रवासासाठी डबा तिनेच भरून दिला. आणि मी तिला काय सांगितलं असेल? मी तिला म्हटलं होतं, पाहिलंस, दिवेवालीने मला सोडवलं.

मी निवेदनाची दोन पानं उलटी करून टेबलावर ठेवली. मी तिला विचारलं, तू मला तेव्हाच का नाही सांगितलं? मी बाबांकडे गेले असते, भांडले असते. ती हसली. म्हणाली, तू पंधरा वर्षांची होती वं, तुले चीक पाहिजे होता. त्यात टोमणा नव्हता आणि तेच मला जास्त लागलं. मुलींना ते वाक्य फळ्यावर लिहून द्यायची तेव्हा मी लेखकाचं नाव खाली घालायची, न चुकता. तेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, चांगलंच केलं, माह्या नावानं कोणी ऐकलं नसतं.

भाचीने विचारलं, आई, दिवेवालीला मग राणीने सोडलं की नाही? वहिनी म्हणाली, मी पुढचं जोडलंच नाही. सोडलं असं वाचलं असतं तर आईंना वाटलं असतं, झालं एकदाचं बरं. नाही सोडलं असं वाचायची छाती नव्हती.

दादाने विचारलं, भाग लावायचा का? कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही, म्हणून त्याने लावला. सुरुवातीचं संगीत वाजायला लागलं. मी वहिनीच्या बाजूची खुर्ची ओढून घेतली आणि आवाजाच्या वरून, जवळजवळ तिच्या कानात, जे या घरात एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं. परीक्षा कुठे होती? किती वाजता?

तिला आठवायला वेळ लागला नाही. लकडगंजची शाळा, वरचा मजला, पेपर अकरा वाजता. अर्धा तास आधी हजर राहायचं होतं. आणि मग मी न विचारताच, पडद्यावरची नजर न काढता, तिने आपला आसन क्रमांक सांगितला, एकेक आकडा वेगळा करून, पाचही.